तिसऱ्या माळेचं फूल

"आई, फ्रिजमधली पिवळी फुलं कुठायत?"

"देवाला घातली. तिसरी माळ हाय ना आज."

महेंद्र भोईरच्या पायाखालची जमीन सरकली. डोंबिवली गावातला हा बँकेतला माणूस दर रविवारी मलंगगडाच्या उतारावर सूर्यफुलाच्या कुळातली रानफुलं हुडकत फिरे आणि ठाण्याच्या कारखानीस सरांना नेऊन दाखवी. वनस्पतिशास्त्रात हयात घालवलेले सर भिंगातून बघत आणि दर वेळी एकच शब्द उच्चारत, "सोनकी." म्हणजे डोंगरभर फुलणारी नेहमीचीच. या वेळी मात्र फुलाखालची हिरवी वाटी चक्क केसाळ होती. 'हे काहीतरी निराळं आहे' एवढं एकदा सरांच्या तोंडून ऐकायला बिचारा तळमळत होता. घरात तर त्याच्या या नादाला गवत आणणं म्हणत.

"तेवढी माळ काढून दे, आई."

"घटावरची माळ दसऱ्याआधी उतरवाची? तुजा डोका ठिकान्यावर हाय ना?"

तुळसाबाईंपुढे कुणाचं काही चालत नसे. दसऱ्यापर्यंत फुलांचा भुगा झाला असता, म्हणून महेंद्रने सरांनाच घरी बोलावलं. ते नेमके आरतीच्या वेळेला पोचले.

माळेला हात लावायची बंदी. सर स्टुलावर चढले, भिंग डोळ्याशी धरून निश्चल उभे राहिले आणि एकेक शास्त्रीय नाव पुटपुटत बाद करू लागले. आरतीला आलेल्या शेजारणींनी ते ऐकलं आणि पदर डोक्यावर घेतले. एकीने स्टुलापाशी नारळ ठेवला. आरती सुरू करायची कुणाची छाती होईना.

बऱ्याच वेळाने सर उतरले आणि महेंद्रच्या कानाशी लागले.

"सोनकीच आहे रे. केस कोळ्याच्या जाळ्याचे आहेत."

एवढा मोठा बाप्या, पण आता रडतो की काय असा महेंद्रचा चेहरा झाला.

"काय सांगला वो सरांनी?" तुळसाबाईंनी विचारलं. सगळ्या बायका कान देऊन उभ्या.

सरांनी महेंद्रकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"ताई, असं फूल मी आजवर कुठल्याच घटावर पाहिलं नव्हतं."

तुळसाबाईंचा ऊर भरून आला. लेकाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, तोही चारचौघींत.

"मंग दसऱ्यापरत रोजची माळ याचीच. महेंदर, उद्या पहाटं रानान जा." मग त्या सरांकडे वळल्या. "आनि सर, तुमीपन जा याच्यासंगती. याला एकल्याला वलखाला जमाचा नाय."