नानांची आमरी

"ओळखायला डोळे लागतात, वकिली नव्हे!" असं धुळ्याच्या बन्सीलाल वकिलांना सुनावून प्रमिलाबाई झुलालच्या बैलगाडीतून सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन धडकल्या.

वैशाखात नाना गेले. त्यांनी या डोंगरात पाहिलेली आमरी, म्हणजे जमिनीतून उगवणारं इवलं पांढरं फूल, फुलांचे जाणकार म्हणवणाऱ्या वकिलांनी 'म्हाताऱ्याचा भास' ठरवली होती. नाना आता भांडू शकत नव्हते. तेव्हा वडिलांचा शब्द खरा केल्याशिवाय जळगावला परतायचं नाही!

वेशीवरच दगडीबाई भेटली.

"अक्का, इथं आमरी दिसली का?"

"कोन आमरी? कितली शे?"

"वीतभर."

"माय वं! तान्ही शे!"

"हो, या दिवसांत कोवळीच. एकाच पानावर, अगदी जमिनीला टेकून."

"उघड्यावर? पानीमा?"

"त्याशिवाय ती जगतच नाही!"

दगडीबाईनं कपाळावर हात मारला. "कोनी शे वं ती?"

"माझ्या वडिलांची," प्रमिलाबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "लोक मानत नाहीत. पण मी तिला धुळ्याला नेणार आणि चारचौघांत नाव लावून घेणार!"

"तुनं काळीज मोठं शे, बाई!" म्हणत दगडीबाई गावात धावली आणि पावरी बोलीत ओरडली. घटकाभरात अख्खं गाव रानात! बिजलीबाई शेळीचं दूध घेऊन आली. जो तो गवत बाजूला सारून "आमरी वं!" अशा हाका मारू लागला. फुलांवर एवढी माया! प्रमिलाबाई भारावून गेल्या.

"नानानं वय कितलं व्हतं?" फत्तेसिंगनं हळूच विचारलं.

"सत्तर."

"सत्तर!" त्यानं आदरानं पागोटं काढलं.

तेवढ्यात खडकाआड ती दिसली. भुईला चिकटलेलं एकच पान, वर कंगव्यासारख्या पाकळ्यांचं पांढरं फूल. नानांनी सांगितलं होतं, तस्सं! प्रमिलाबाई चिखलात गुडघे टेकून "नाना" एवढंच म्हणाल्या.

"सापडनी?" दुधाची वाटी पुढे आली आणि थबकली. "हाई ते फूल शे!"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

दगडीबाईनं ते सांगितलं. प्रमिलाबाई कानांपर्यंत लाल झाल्या!

"झुलाल कुठंय?" त्यांनी घाबरून विचारलं.

"त्याले कधीना जळगावले धाडा. पाळना आनाले!"

पुढे वकिलांनी फूल पाहून कान पकडले. फुलाच्या बाबतीत नाना शब्दशः खरे ठरले. जळगावच्या गल्लीत मात्र फुलाचं कोणी विचारत नाही. परवाच झुंबरआत्यांनी पदर तोंडाला लावून विचारलं,

"प्रमिला, नाकीडोळी नानांवर गेलीय का गं?"