शौर्याचा ताशी दर

बँकेचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर आला तसाच बायकोच्याही फोनवर आला, आणि तिथेच सगळं फिसकटलं. खातं दोघांचं होतं. लग्न झाल्या झाल्या मोठ्या प्रेमानं उघडलेलं.

"हे काय घेतलंस?" बायकोनं भाजी चिरता चिरता विचारलं.

"एक्सपान्शन."

"कशाचं?"

"गेमचं. तो नाही का, तलवारवाला."

"तो तर दोन वर्षांपूर्वीच घेतला होता आपण. पूर्ण."

"पूर्णच आहे तो. हे त्याच्या पुढचं आहे."

"म्हणजे पूर्ण नव्हता."

नवरा पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी अधिकारी होता. दोन डझन बोल्ट घ्यायचे असले तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, त्यांचा तक्ता मांडायचा, सर्वांत स्वस्त असेल त्याला बोलावून आणखी पाच टक्के कमी करायला लावायचे, आणि तो रडकुंडीला येऊन निघून गेला की 'महागच पडलं' म्हणून उसासा टाकायचा, अशी त्याची ख्याती होती. पुरवठादार त्याला पाठीमागे 'चिमटा' म्हणत. त्याच चिमट्यानं हे एक्सपान्शन सोफ्यावर पडल्या पडल्या, अंगठ्यानं, चार सेकंदांत घेतलं होतं. कोटेशन एकच होतं आणि तेही विकणाऱ्याचंच.

"समज, आपण सोफा घेतला," बायको म्हणाली, "आणि दोन वर्षांनी दुकानदार त्याचा चौथा पाय विकायला आला. तर तू काय करशील?"

"पाय नाही गं तो. वरचा अख्खा मजला आहे. उत्तरेकडचा डोंगराळ प्रदेश, दोन किल्ले, एक ड्रॅगन."

"आधीच्या प्रदेशात ड्रॅगन नव्हता?"

"होता. हा वेगळा आहे."

"वेगळा म्हणजे?"

चिमट्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "मोठा आहे," तो म्हणाला.

इथे गप्प बसला असता तर दोन दिवसांच्या अबोल्यावर भागलं असतं. पण खरेदी खात्यातल्या माणसाला आपला सौदा फसला असं कुणी म्हटलेलं सोसत नाही. त्यानं एक जुनं पाकीट उलटं केलं आणि त्यावर गणित मांडलं. सिनेमा अडीच तास, हॉटेलातलं जेवण एक तास, त्यातही अर्धा तास वेटरची वाट बघण्यात. आणि या एक्सपान्शनला कंपनीनं चाळीस तासांच्या खेळाची हमी दिलेली. ताशी दर काढला तर तो टपरीवरच्या चहापेक्षा कमी येत होता. त्यानं त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

बायकोनं पाकीट हातात घेऊन नीट वाचलं. ती फिजिओथेरपिस्ट होती. माणूस 'व्यायाम केला' म्हणतो तेव्हा खरोखर किती वेळा केलेला असतो, हे तिला रोज बघून माहीत होतं.

"चाळीस तास," ती म्हणाली. "तुझ्याकडे?"

"हळूहळू होतील."

"पंखे पुसायला वीस मिनिटं नाहीत म्हणून पाच रविवार सांगतोयस. आणि चाळीसच्या जागी दोनच तास खेळलास, तर ताशी दर किती?"

हे गणितही बरोबर होतं. 

"महिनाअखेर," बायको म्हणाली. "पडद्यावर चाळीस तास दिसले पाहिजेत. घरातलं एकही काम न चुकवता. नाहीतर तो टीव्हीखालचा खेळाचा काळा डबा मी क्लिनिकला नेते. मनगट आखडलेल्या पेशंटच्या बोटांना व्यायाम होईल."

चिमट्यानं एकदा त्या डब्याकडे बघितलं. त्या घरात त्याचं स्वतःचं असं जे काही होतं ते त्या डब्यात होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या बोल्टांसाठी घासाघीस करणाऱ्या माणसाला संध्याकाळी अर्धा तास तरी कुणीतरी 'हे वीरा' म्हणून हाक मारावी असं वाटे, आणि तशी हाक मारणारी माणसं फक्त त्या खेळातच राहत. तरीही तो ताठ मानेनं म्हणाला, "सगळ्या अटी मान्य." हे वाक्य एरवी तो पुरवठादारांकडून वदवून घेत असे.

दुसऱ्याच दिवशी कारखान्यात नव्या भट्टीची खरेदी निघाली. चिमटा आठ वाजता घरी यायला लागला. दहा दिवसांत मोजून सहा तास झाले, आणि त्यातलाही दीड तास नव्या प्रदेशाच्या थंडीत वीराला कोणता झगा शोभेल हे ठरवण्यात गेला. ताशी दर चहा ओलांडून हॉटेलच्या जेवणाकडे निघाला होता.

याच काळात घरात सासरेबुवा मुक्कामाला होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मुलगीच फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे पुढचे व्यायाम तिच्याकडे. सासरेबुवांनी चौतीस वर्षं एका मोठ्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून काढली होती. निवृत्त झाले तरी हाताची खाज गेली नव्हती. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. ज्या डब्यात काय आहे हे त्यांनाही कळलं नाही, त्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बघून ठरवू'. व्यायामाला मात्र त्यांची तयारी नव्हती. गुडघा सत्तर अंशांपर्यंत वाकत होता आणि "एवढा पुरतो की," असं त्यांचं मत होतं. वेळ जात नसल्यामुळे ते क्लिनिकमध्ये मुलीला दिवसातून अकरा फोन करत. मिठाचे डबे दोन का, आणि टॉर्चमध्ये सेल नाहीत तर टॉर्च कशाला, असले प्रश्न असत. समोर टेबलावर पेशंट एक पाय हवेत धरून वाट बघत असे.

चिमट्यानं हे सगळं पाहिलं आणि त्याला धंद्यातला नियम आठवला. जे काम आपल्याच्यानं उरकत नाही ते कंत्राटानं बाहेर द्यावं. लोक कपडे धुणं बाहेर देतात, रंगकाम देतात, इस्त्री देतात. स्वतःची करमणूक कंत्राटावर देणारा इसम मात्र तोच पहिला असावा.

"बाबा, करमत नाही ना तुम्हाला? हे धरा," त्यानं सासऱ्यांच्या हातात कंट्रोलर ठेवला. "हे बटण दाबलं की तो माणूस चालतो. दिवसभर नुसतं चालवायचं. कुणाशी लढू नका. आणि हिला सांगू नका, तिला हे खेळ आवडत नाहीत."

"ह्याच्या पाठीवर ओझं कसलं आहे?"

"बॅग आहे त्याची. तिकडे लक्ष देऊ नका."

स्टोअरकीपरला 'मालाकडे लक्ष देऊ नका' म्हणणं आणि मांजराला 'दुधाकडे बघू नकोस' म्हणणं यात फारसा फरक नाही. पण चिमट्याला तेव्हा फक्त तास दिसत होते, आणि ते झपाट्यानं वाढत होते. तेरा झाले, एकवीस झाले, तीस झाले. कामावरून आला की तो पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघे, खूश होऊन टीव्ही बंद करे आणि जेवायला बसे. स्वतः खेळण्याची त्याला आठवणही होईना.

"बाबांचे फोन बंद झालेत," बायको एकदा म्हणाली. "बरं वाटतंय ना त्यांना?"

"वाचनात रमलेत," चिमटा म्हणाला.

"कशाच्या?"

"साहसकथा."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तीही जास्त खोलात शिरली नाही.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना रविवार आला. बायको बाजारात गेली होती. आकडा एकोणचाळीसवर होता. शेवटचा एक तास आपण खेळावा, ड्रॅगनचं तोंड तरी बघावं, म्हणून चिमटा ऐटीत बसला. वीराला घेऊन तो उत्तरेच्या किल्ल्यापाशी गेला. तिथल्या दगडी दरवाजात निळी तलवार खुपसली की दार उघडणार होतं. ती तलवार मिळवायला त्याला मूळ खेळात दोन वर्षं लागली होती. त्यानं बॅग उघडली. बॅगेत एक दोरी, एक कंदील आणि तीन गाजरं होती.

"बाबा," चिमटा ओरडला. "माझी तलवार कुठंय?"

"कोणती? सतरा होत्या." सासरेबुवा शांतपणे चष्मा पुसत म्हणाले. "माणसाला हात दोन. बाकीचा पडून राहिलेला माल. सहा महिन्यांत जी वस्तू हलली नाही ती काढून टाकायची, हा नियम आहे."

"निळी होती. चमकणारी."

"ती होय. तिचं वजन फार होतं, आणि चमकत असल्यामुळे कुठे ठेवायची सोय नाही. लोहाराला दिली. त्यानं वितळवून छान कुदळी करून दिल्या. उरलेल्यात एक गाढव आलं."

"गाढव?"

"चार आहेत आता."

चिमट्यानं कपाळावर हात मारला आणि कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. "आपला आनंद हेच आमचं ध्येय आहे," पलीकडची बाई म्हणाली. वितळवलेली वस्तू परत मिळत नाही, हे तिनं त्याच आनंदी आवाजात सांगितलं. मात्र 'गतवैभव' नावाचं एक छोटं एक्सपान्शन होतं. त्यात एक जादूगार येऊन गमावलेलं शस्त्र परत देत असे.

"किती तासांचं आहे?" चिमट्यानं सवयीनं विचारलं.

"चार मिनिटांचं, सर."

चिमट्यानं ताशी दर काढला. तो सासऱ्यांचा गुडघा उघडणाऱ्या सर्जनच्याही वर गेला. शिवाय घेतलं तर मेसेज दोन्ही फोनवर जाणार होता. त्यानं फोन ठेवला. आपण एक्सपान्शन घेतलं आणि त्यातला एक्सपान्शनचा भाग तेवढा आपल्याला बंद झाला, हे त्याला आता कळलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चहा झाल्यावर बायको टीव्हीसमोर बसली. सासरेबुवा आत पडले होते. आकडा एक्केचाळीस होता. चिमट्यानं बोटानं दाखवला आणि लगेच टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"थांब," बायको म्हणाली. "एक्केचाळीस तास काय केलंस ते दाखव की."

पडद्यावर वीर उभा होता. अंगात शेतकऱ्याचा सदरा, पायांत चिखलाचे बूट. मागे लांबलचक कोठार, त्यात उंचीप्रमाणे ओळीनं लावलेली पिंपं, आणि बाहेर चार गाढवं एका रेषेत.

"हा ड्रॅगन मारायला निघालाय?"

"तयारी चालू आहे."

"गाढवांनी?"

"वाहतूक लागते गं," चिमटा म्हणाला. 

बायको टीव्हीजवळ गेली. पिंपांवर नावं लिहिलेली होती. पहिल्यावर 'आवक', दुसऱ्यावर 'जावक', आणि कोपऱ्यातल्या तिसऱ्यावर 'बघून ठरवू'. ती वळून थेट स्वयंपाकघरातल्या फळीकडे बघत राहिली.

"बाबा," तिनं हाक मारली.

सासरेबुवा आतून तरातरा आले. काठी खोलीतच राहिली होती. "काय झालं? जावईबापूंनी काही हलवलं का तिथलं?"

पुढचं सगळं त्यांनीच सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं. तिला सांगायचं नाही हे ते केव्हाच विसरले होते. चिमटा सोफ्याच्या कडेला बसून डब्याच्या वायरीकडे बघत होता. ती कुठून काढायची, कशी गुंडाळायची, क्लिनिकमध्ये ती कुठे लावतील, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याला मनापासून वाईट वाटलं.

बायको मात्र वडिलांच्या पायाकडे बघत होती. "बसा बाबा. गुडघा वाकवा. अजून. अजून थोडा." तिनं पर्समधून कोन मोजायची पट्टी काढली, लावली, आणि पुन्हा लावली. "एकशे दहा. गेल्या वेळी सत्तर होता. काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. अक्षरं बारीक आहेत गं ह्याची. दर वेळी उठून टीव्हीपर्यंत जावं लागतं. खालची ओळ वाचायची तर वाकावं लागतं. माल मोजायचा म्हणजे चाळीस-पन्नास फेऱ्या होतात दिवसाला."

बायको पट्टी ठेवून उठली. मग तिनं ते जुनं पाकीट शोधून काढलं, त्यावर स्वतःचं काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "चिकार पैसे वसूल झाले. चांगली खरेदी केलीस तू."

बारा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य चिमट्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. "म्हणजे डबा क्लिनिकला जात नाही?"

"छे. पेशंट घरीच आहे की."

पुढच्या रविवारी चिमटा हॉलमध्ये स्टुलावर चढून पंखा पुसत होता. आता वेळ नाही असं म्हणायला त्याला जागा उरली नव्हती. खिशातला फोन थरथरला. बँकेचा मेसेज होता.

"हे काय घेतलंस?" त्यानं वरूनच विचारलं.

"एक्सपान्शन," बायको म्हणाली. "'बंदर आणि गोदामं'. साठ तासांचं आहे. ताशी दर काढलाय मी."

"मला कधी मिळणार खेळायला?"

"माझ्याकडे नाही ते. बाबांना विचार."

सासरेबुवांनी पडद्यावरची नजर न काढता 'मागणीपत्र' असं वर लिहिलेला कागदाचा एक तुकडा पुढे केला. चिमटा स्टुलावरून उतरला आणि त्यानं तारीख, वेळ, वस्तू असं सगळं भरून दिलं. सासऱ्यांनी चष्मा वर करून वाचलं. 'कारण' या रकान्यात 'करमणूक' लिहिलेलं होतं. ते उठले, काठीशिवाय स्वयंपाकघरात गेले, वाकून खालच्या फळीवरचा 'बघून ठरवू'चा डबा काढला, चिठ्ठीची घडी करून त्यात टाकली आणि परत आपल्या जागेवर येऊन बसले.

"जावईबापू," ते म्हणाले, "स्टूल जरा तिकडे घ्या. गाढवं दिसत नाहीत."