ब्रेक न लावता अकोल्यात

मला गाडीतलं सगळं कळतं. असं मी कुठेही म्हणालो की आमची कौशल्या लगेच पदर तोंडाला लावते. पण गेल्या महिन्यात गाडीचं अ‍ॅव्हरेज अठरावरून चौदावर आलं, तेव्हा रोग मीच ओळखला! पुढच्या डाव्या चाकाचा डिस्क ब्रेक चिकटत होता. पाय काढला तरी पॅड डिस्कला सोडत नाही, जसा पंगत उठली तरी एखादा पाहुणा ओटा सोडत नाही. आमच्या राजापेठेतल्या मेकॅनिकने चाक फिरवून पाहिलं आणि टायरमध्ये हवा कमी आहे म्हणाला. मी त्याला मोठ्या मनाने क्षमा केली.

माझी परीक्षा शास्त्रीय होती. लांब जायचं, शेवटी ब्रेकला पाय न लावता गाडी आपोआप थांबू द्यायची आणि उतरून चाकांना हात लावायचा. जे चाक जास्त तापलेलं, त्याचा ब्रेक चिकटतो. थांबताना ब्रेक दाबला तर सगळीच चाकं तापणार आणि परीक्षा बाद.

लांब जायचं ठरलेलंच होतं. आमच्या लेकीला, दामिनीला, अकोल्याचा किशोर पसंत होता, त्याला ती. त्या रविवारी आम्ही नवराबायको त्यांचं घर पाहायला निघालो.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी गाडी न्यूट्रल केली. रस्ता सरळ, दुपारची वेळ, कुत्रंसुद्धा आडवं नाही. ब्रेक चिकटत असल्यामुळे गाडी बरोब्बर त्यांच्या फाटकासमोर थांबणार, असा माझा हिशेब.

फाटकात किशोरचे वडील भगवंतराव नवा कुडता घालून उभे होते. शेजारी आई पार्बताबाई. दोघांनी हात जोडले. कौशल्यानेही जोडले. गाडी काही थांबली नाही.

"अवो, ब्रेक लावा ना," कौशल्या ओठ न हलवता म्हणाली.

मी म्हणालो, थांब, आता थांबतेच.

बैलगाडीच्या चालीने आम्ही फाटकासमोरून पुढे गेलो. हात जोडलेली कौशल्या मिरवणुकीतल्या देवीसारखी लोकांकडे पाहत सरकत होती. भगवंतराव आधी चालत, मग झपाझप, मग कुडता सावरत पळत आमच्या मागे! शेजाऱ्याचं घर गेलं, पिठाची गिरणी गेली, तेव्हा कुठे गाडी थांबली.

मी उतरलो आणि आधी डाव्या चाकापाशी वाकलो. तोवर भगवंतराव पोचले.

"घर बाहेरूनच पसंत नाही पडलं तं तसं सांगा ना," ते धापा टाकत म्हणाले. "असं तोंडासमोरून काहून चालले?"

कौशल्याचे डोळे भरले. पोरीचं जमलेलं लग्न आपण मोडतोय, हे मला तेव्हा कळलं. शिवाय चारही चाकं सारखीच कोमट होती. मी खरं ते सगळं सांगून टाकलं.

भगवंतरावांनी वाकून स्वतः चाकाला हात लावून पाहिला. मग आवाज खाली करून म्हणाले, "माही गाडीबी आजकाल ओढत नाही. मेकॅनिक म्हणते काई नाई. पाहता काय?"

मग काय! बाया आत गेल्या आणि आम्ही दोघं त्यांच्या अंगणात जॅक घेऊन बसलो. चाक उचलून हाताने फिरवलं, तर किंचित घासल्याचा आवाज. असा आवाज धडधाकट डिस्क ब्रेकलाही येतो, हे आम्हाला संध्याकाळी बोलावलेल्या मेकॅनिकने सांगितलं. बोलवावाच लागला. तोवर आम्ही चाक काढून ठेवलं होतं आणि ते परत बसत नव्हतं.

कोपरापर्यंत काळे झालेले हात धुवायला आत गेलो, तर साखरपुड्याची तारीख, हॉल, जेवणातला गोडाचा पदार्थ, सगळं ठरलेलं! मी जरा दुखावूनच म्हणालो, मुलीच्या बापाला निदान विचारायचं तरी.

"विचाराले आली होती ना मी, भाऊ," पार्बताबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचे दोघायचेबी मुंडके चाकात होते. पोरगी द्याची हाये ना, असं विचारलं, तं तुमी म्हणाले, 'पक्कं धरा, सोडू नका.' मंग आमी धरलं."