शेवटच्या तीन कडा

म्हात्रे रंगांचा क्यूब झरझर सोडवतात आणि कडेचे शेवटचे तीन तुकडे चुकीच्या जागी ठेवूनच उठतात. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे उरणकडचे, न्हावा शेव्याला क्रेनवर नोकरी झाली.

मला वाटायचं, त्यांना पुढचं येत नाही. मी अकाउंट्सचा माणूस, अर्धवट काही बघवत नाही. मोबाईलवर बघून मी त्या तीन तुकड्यांची अकरा मूव्हची रीत वहीत उतरवली, पाठ केली आणि जिन्यात त्यांना गाठलं. त्यांचा क्यूब घेऊन ती करून दाखवली, तर तुकडे उलट्या दिशेने सरकले. पुन्हा अकरा. बावीस मूव्हमध्ये क्यूब लागला आणि मी शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

"बग आदी, मंग फिरव," म्हात्रे म्हणाले.

तुकडे कुठल्या बाजूने सरकायचेत ते न बघता सुरुवात केली, म्हणून काम दुप्पट झालं. आणि अकरा तरी कशाला? बंदराच्या यार्डात कंटेनर हलवताना करतात तसं करायचं: मधली रांग हलवायची, वरचं फिरवायचं, रांग परत जागेवर. त्यांनी सातच मूव्हमध्ये करून दाखवलं आणि लगेच तीन तुकडे पुन्हा बिघडवून ठेवले.

मी चार दिवस रोज संध्याकाळी त्याहून एक कमी, सहा मूव्हची रीत शोधत बसलो. बायको म्हणाली, एवढं डोकं ऑफिसात चालवलं असतं तर प्रमोशन झालं असतं. रीत सापडली नाही. तसं प्रामाणिकपणे सांगायला रविवारी वर गेलो.

क्यूब म्हात्रे वहिनींच्या हातात होता, शेवटचे तीन तुकडे तेवढे लागायचे राहिलेले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, हे मला माहीत होतं. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी रागाने गॅलरीतून फेकून दिला, हे म्हात्रेंनी आत चहा गाळताना हळूच सांगितलं. क्यूब आवडतो, पण उजवी बोटं सात-आठ मूव्हनंतर साथ सोडतात. अकरा झेपत नाहीत.

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो, तोवर वहिनींच्या पाच मूव्ह झाल्या होत्या. सहाव्या मूव्हला बोटं थांबली. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हात्रेंनी माझं मनगट धरलं.

"तिचं हाय ते. करू दे."

आम्ही उभे राहिलो. चहावर साय धरली. सहावी झाली, मग सातवी.

वहिनींनी क्यूब खाली ठेवला आणि त्याच हाताने म्हात्रेंच्या शर्टाचं वरचं उघडं बटण धरलं. ते वाकले. बटण काही लागेना. म्हात्रे काही सरळ होईनात.