कुंपणावरचं विरजण

लॉकडाऊनच्या त्या हिवाळ्यात इथे परदेशात, क्लेटनमधल्या आमच्या शेजारच्या मेश्रामकाकांच्या कुंपणावर माकडटोपी घातलेली एक काचेची बरणी बसलेली असायची. बाजूला सॅनिटायझरची बाटली. फुटपाथवरून कुणी मास्कवाला चालला की काका व्हरांड्यातल्या खुर्चीतून ओरडायचे, "ए मेट! हात साफ कर अँड शेक इट प्लीज!" आणि लोक, खोटं सांगत नाही, खरंच थांबून हलवायचे.

बरणीत बिअरचं विरजण असायचं. काका घरी गव्हाची बिअर करतात, पण पाकिटातली यीस्ट सरळ मोठ्या पिंपात टाकणं त्यांना मंजूर नाही. आधी माल्टची पूड पाण्यात उकळायची, गार करायची, त्यात यीस्ट सोडायची आणि एक-दोन दिवस येता-जाता बरणी हलवत राहायची. हवा मिळाली की ती फोफावते. "जिवंत आहे ना बाप्पा ते!" काका नागपुरी ठसक्यात म्हणतात. "उपाशीपोटी कामाला लावता का कुणाला?"

काका पेंटच्या कारखान्यात केमिस्ट. स्वच्छतेचं वेड जुनंच. पूर्वी त्यांच्या किचनमध्ये शिरायचं तर कोपरापर्यंत हात धुवायला लावत आणि आम्ही पाठीमागे हसायचो. मग सगळं जगच हात धुवायला लागलं. काका असे रुबाबात फिरायला लागले, की नियम सरकारने त्यांना विचारूनच काढले असावेत!

मध्ये दुकानांतली यीस्ट संपली, तेव्हा मी पाव करायला थोडी मागायला गेले. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे तू हिला ओव्हनमध्ये घालणार?" शेवटी चमचाभर दिली आणि फाटकापर्यंत सूचना देत आले. पावाला काकांच्या बिअरसारखाच केळ्याचा आणि लवंगेचा वास आला. नवऱ्याने मुकाट्याने खाल्ला.

छायाकाकू मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या आणि मागे सीमा बंद झाल्या. "येते ना पुढच्या महिन्यात," असं काका दर महिन्याला सांगायचे. एका बिअरला एक विरजण पुरतं, हे मलाही कळायला लागलं होतं. काकांची बरणी मात्र कुंपणावरून हलत नव्हती, आणि एवढी बिअर काही होत नव्हती.

एका दुपारी त्यांचं पार्सल चुकून आमच्या दारात आलं. खोक्यावर यंत्राचं चित्र होतं. त्यावर बरणी ठेवली की आतलं पाणी आपोआप फिरत राहतं. मुलीने, पल्लवीने, पाठवलं होतं. मी आनंदाने कुंपणापाशी गेले. "काका, सुटलात! आता कुणाला हाका मारायला नकोत."

काकांनी खोकं हातात घेतलंच नाही.

"तुझ्याकडेच ठेव," ते म्हणाले. "पल्लवीला बोलू नको."

"का हो?"

"दिवसभर घरात माझा आवाजच निघत नाही गं, स्वाती. बरणी हलवायला थांबतात तेवढं बोलणं होतं. यंत्र लावलं तर कोण थांबेल?"

मी खोकं गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं.

दोन दिवसांनी मी बरणी हलवत असतानाच पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, मशीन चालतंय का? दाखवा ना."

काकांनी झटकन माकडटोपी काढली, फोन बरणीच्या अगदी जवळ धरला आणि मला डोळ्यांनी खूण केली. मी खालून बरणी गरगर फिरवायला लागले. फेस वर आला.

"वॉव, मस्त फिरतंय!" पल्लवी म्हणाली. मागून छायाकाकूंचा आवाज आला, "अहो, जेवलात का?"

"जेवलो ना," काका म्हणाले. मग काकू बोलत राहिल्या, बाळ कसं रात्री झोपू देत नाही, कुणावर गेलंय. काका "हो, हो" म्हणत होते आणि फोन बरणीवरच रोखून धरलेला होता, स्वतःकडे वळवत नव्हते. डोळे पाण्याने भरले होते. कॉल संपला, तरी माझा हात फिरतच होता.

"थांब थोडी," काका हळूच म्हणाले. "घाई नाही ना तुला?"

"नाही काका," मी म्हटलं. माझी मीटिंग केव्हाच सुरू झाली होती.