जावयाच्या गळ्यातला हार

लग्नानंतरची पहिली होळी आली की जावयाच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची. त्यात डोकं चालवायचं काही कारण नसतं. पण मूल गावच्या धानाच्या गिरणीतले कारकून गुणवंतराव यांनी त्या वर्षी ते चालवलं. (एरवी ते गिरणीतसुद्धा चालवत नसत, असं मालकाचं म्हणणं होतं.)

त्याला कारण वरोऱ्याच्या विहीणबाई, इंदुताई. दिवाळीला अनारसे नेले, तर म्हणाल्या, "आमचे दात पाडाले आणले का जी?" संक्रांतीला लुगडं नेलं, तर ते उजेडाला धरून आरपार पाहिलं. शेवटी सगळं बोलणं त्यांच्या लेकीच्या, आशाच्या वाट्याला यायचं, आणि ती पोर पत्रात 'मी मजेत आहे' एवढंच लिहायची. ते वाचलं की गुणवंतरावांना त्या दिवशी जेवण जात नसे. वर्षभर एकेक सण निस्तरून बिचारे पार थकून गेले होते. होळीच्या दिवशी तरी त्या बाईनं आशाला काही बोलू नये, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं.

जावई मुखरू सिनेमाचा भारी शौकीन. गावात तंबूतली टॉकीज आली की हा सासुरवाडीला हजर! आणि नेमक्या त्याच वेळी गावातल्या भैयाजीच्या दुकानात नव्या चिकट गोळ्या आल्या होत्या, प्रत्येक कागदावर एका नटीचा फोटो.

"जवाईबापूले गाठी कायले जी?" भैयाजी म्हणाला. "याचाच हार करा. पोरगं खूश, तं माय खूश."

गुणवंतरावांनी दोन डबे उचलले. घरी नवराबायको एकेक गोळी दोऱ्यात ओवत बसले.

"एवढ्या बाया जवायाच्या गळ्यात बांधून राह्यले तुमी," मनकर्णा म्हणाली. "पोरीचा काई इचार केला का नाई?"

हार झाला. आता गाठीला ओल लागली की ती पाघळते, म्हणून ती फडक्यात बांधून चुलीच्या वर टांगायची, ही घरोघरची रीत. गुणवंतरावांनीही हार टांगला. तीन दिवस खाली भात शिजला, वर नट्या शिजल्या. होळीच्या पहाटे त्यांनी ते गाठोडं तसंच उचललं. (गळ्यात घालण्याआधी गाठी उघडून पाहू नये, असं त्यांची आई सांगायची. आईचं एवढं एकच त्यांनी जन्मभर ऐकलं.) मग मूलहून चांदा, चांद्याला गाडी बदलून वरोरा. गाठोडं मांडीवर घेऊन ते सगळी वाट पेंगत गेले.

चारचौघांत फडकं सुटलं आणि आतून निघालं एक टणक कडं. गोळ्या वितळून एक झाल्या होत्या आणि गार होऊन दगड बनल्या होत्या. एकीचं नाक दुसरीच्या कपाळाला चिकटलं होतं.

मुखरूला मात्र हिरोइनी दिसल्या, बस! त्यानं ते कडं दोन्ही हातांनी डोक्यावर दाबलं. ते कानांवरून खरडत खाली गेलं, आणि परत वर काही येईना.

"कान! माझे कान!" मुखरू ओरडला.

"का जी भाऊ," इंदुताई म्हणाल्या, "पोरगी देल्ली, आता बैलाचं जोतंही आणलं काय?"

गुणवंतरावांना वाटलं, संपलं. आता आशाचं काही खरं नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले.

शेवटी आशानंच खलातला बत्ता आणला. नवऱ्याच्या खांद्यावर पाट धरला आणि कडं त्यावर टेकवून घातले दोन घाव. तुकडे अंगणभर उडाले, शेजारची पोरं त्यांच्यावर तुटून पडली. इंदुताईंनी कमरेवर हात ठेवले, एक दमदार श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"आत्याबाई, गाठीचा पयला तुकडा घरच्या मोठ्या बाईचा," म्हणत आशानं चांगला सुपारीएवढा तुकडा त्या उघड्या तोंडात ठेवला.

इंदुताईंनी तो चावला, आणि दातांवर दात जे बसले ते बसलेच.

"उं," त्या म्हणाल्या. मग डोळे वटारून पुन्हा म्हणाल्या, "उं!"

त्या घरात गुणवंतराव पहिल्यांदाच पोटभर जेवले. निघताना दारात आशा खुदकन हसली. लग्नानंतर त्यांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"बाबा, अजून हायेत का हो त्या गोळ्या?"

"अर्धा डबा हाये घरी. पाठवतो, माय," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर त्यांनी मनकर्णाला सगळी हकीकत सांगितली. मग पाय धुताना पुन्हा सांगितली, जेवताना पुन्हा. दर खेपेला त्यात आशा लहान होत गेली आणि ते मोठे.

"मी डोकं चालवलं म्हणून, समजलं का! नाई तं त्या बाईचं तोंड बंद करणं..." चौथ्यांदा सुरुवात झाली.

मनकर्णा उठली. तिनं उरलेल्या डब्यातली एक गोळी काढली, कागद सोडला आणि कौतुकानं पुढे केली. "घ्या, तोंड गोड करा."

गुणवंतरावांनी खुशीत गोळी तोंडात टाकली, चावली आणि पुढचं वाक्य बोलायला गेले.

"उं," ते म्हणाले.

मनकर्णानं डब्याचं झाकण लावलं, डबा स्वतःच्या हाताशी ठेवला आणि ती निवांत तांदूळ निवडत बसली.