पट्टी धरता का जरा?

घरतकाका कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी खिशातली पाणसळ काढतात. गवंडी वापरतात ना, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, तीच, फक्त वीतभर. आम्ही स्वयंपाकघराचा ओटा नवीन केला तेव्हा आल्यागेल्यांनी ग्रॅनाइटचं कौतुक केलं. काकांनी ओट्यावर पाणसळ ठेवली, वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "सेक्रेटरी, तुमचा ओटा पनवेलकडं कललाय." तेव्हापासून माझी बायको पोळी लाटताना पोळपाट डाव्या हाताने धरून ठेवते. कलला असेल तर केसभर! पण एकदा डोक्यात बसलं की बसलं.

मी सुकापुरातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे लिफ्ट, पाण्याची टाकी, भटकी कुत्री आणि घरतकाका, एवढी खाती माझ्याकडे. काका मूळचे उलव्याकडचे. सगळी नोकरी सरकारी सर्व्हेत जमिनीचे चढउतार मोजण्यात गेली. निवृत्त झाले, पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही. साहेबांनी मोडीत काढलेलं लेव्हलचं जुनं यंत्र घरी आणलं आणि दर रविवारी सकाळी ते तीन पायांवर आमच्या पार्किंगमध्ये उभं राहू लागलं. काकू गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, हा त्रास फारच वाढला आहे.

त्रास अशासाठी की ते यंत्र एकट्याने चालत नाही. एकाने दुर्बिणीतून बघायचं आणि दुसऱ्याने समोर आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून खांबासारखं उभं राहायचं. "पट्टी धरता का जरा?" असं काकांनी म्हटलं की सोसायटीत एकाला दूध आणायचं आठवतं, दुसऱ्याला फोन येतो. पहिल्या मजल्यावरचे जोशी तर वाकून स्वतःच्या गाडीची चाकं तपासायला लागतात.

गेल्या महिन्यात कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवायला ठेकेदार आला. माणसं आली, रेती आली, आणि घरतकाका येऊन ब्लॉकच्या ढिगाऱ्यावर बसले.

"उतार उलटा हाय. पाणी गटारात नाय जायाचं, तळमजल्यात शिरंल."

"काका, वीस वर्षं नजरेनं लेव्हल काढतोय मी," ठेकेदार म्हणाला.

"नजरेला काय कळतंय? बुडबुड्याला विचार. दाखवतो ना मी! फक्त पट्टी धराया माणूस द्या."

मजूर चहाला बसले. ठेकेदार माझ्याकडे बघायला लागला. जोशी चाकांकडे. माझं डोकं असं तापलं होतं की सांगता सोय नाही. पण तळमजल्यावर मीच राहतो. दात-ओठ खात पट्टी उचलली आणि गटाराच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो.

काकांनी तीन स्क्रू फिरवून बुडबुडा मधोमध आणला, एक डोळा मिटला. "एक मीटर एकतीस! आता तुमच्या दारात जा." मी निघालो तेव्हा सहज म्हणाले, "जुनं यंत्र हाय. यातून माणूस खाली डोकं वर पाय दिसतो."

हे काही मला माहीत नव्हतं. या वयात बिचाऱ्यांनी उलटे आकडे वाचायचे! चिडलेलो असलो तरी माणूस आहे मी. दाराशी पोचल्यावर मी पट्टीच उलटी धरली.

"सेक्रेटरी!" काका एवढ्याने ओरडले की ठेकेदाराच्या हातचा चहा सांडला. "आकडे सरळ कसे दिसतात? काय केलंत?"

"उलटी धरली. म्हणजे तुम्हाला सरळ दिसतील."

मला वाटलं, आता शिव्या. काका दुर्बिणीवरून डोकं वर काढून बघतच राहिले. मग हसले. आवाज अगदी खाली आला. "आमच्या हिनं बी पयल्या दिवशी हेच केलं व्हतं. लगीन होऊन पंधरा दिस. मी बांध मोजत व्हतो, ही पट्टी घेऊन हुभी. बोलली, तुमाला सरळ दिसावं म्हनून. मंग चाळीस वर्सं तिनंच धरली."

काकू होत्या तोवर रविवारची पट्टी त्याच धरायच्या, म्हणून काकांना कुणाला विचारावं लागत नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी पट्टी सुलटी केली. "एक मीटर छत्तीस!" काका ठेकेदाराला म्हणाले, "आकडा मोठा आला म्हंजे जमीन खाली. दार गटारापरीस पाच सेंटीमीटर खोल हाय. काढ ती रेती." ठेकेदार निमूटपणे फावडं शोधायला गेला.

काका परत दुर्बिणीला डोळा लावून वाकले. मिनिट गेलं, दोन गेली. ऊन डोक्यावर आलं होतं आणि पट्टी सरळ धरून माझे खांदे भरून आले होते.

"काका, अजून आकडा दिसत नाही का?"

"आकडा कवाच झाला."

"मग काय बघताय?"

"काय नाय. समोर कुनीतरी हुभं हाय, ते बघतोय."

मी हललो नाही.